लाख रुपयांचें कोडें

सन १९२९ च्या जुलै महिन्यांत अखिल भारत चरखा संघानें एक जाहिरात प्रसिद्ध केली. संघानें घातलेल्या अटींस उतरेल असा सुधारलेला चरखा जो कोणी तयार करील, त्यास एक लाख रुपयांचें बक्षीस देण्यांत येईल, असें तींत म्हटलें होतें. ज्या काळीं दिवसभर सूत कातणाऱ्या बाईची मजुरी आण्यांत मोजली जात होती, त्या काळचे हे लाख रुपये होत. स्पर्धा देशांतील आणि परदेशांतील सर्वांस खुली होती, व यंत्र साबरमतीच्या आश्रमांत पोंचविण्यास ऑक्टोबर १९३० अखेरपर्यंतची मुदत होती.

बक्षिसापेक्षां अटी अधिक वाचनीय आहेत. चरखा हलका असावा, सहज उचलून नेतां यावा, सामान्य खेडुताच्या झोपडींत मावावा आणि हातानें किंवा पायानें स्वाभाविकपणें चालवितां यावा. एखाद्या बाईला त्यावर आठ तास बसून फारसे श्रम न होतां काम करतां यावें. त्यावर १२ ते २० अंकांचें सूत साध्या चरख्याहून पुष्कळ अधिक प्रमाणांत निघावें. त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. नीट निगा राखली असतां तो वीस वर्षें चालावा, आणि मोडतोडीचा सालाचा खर्च मूळ किंमतीच्या शेंकडा पांचांहून अधिक होऊं नये. ह्यांतील प्रत्येक अट एकेकटी घेतली तर सोपी आहे. सर्व अटी एकाच लांकडी सांगाड्यांत एकदम बसवावयाच्या, हें मात्र अवघड होतें.

आजच्या मुलांना असलीं कोडीं निराळ्या रूपानें ठाऊक आहेत. सन २००८ मध्यें काइल गॅबलर व रॉन कार्मेल ह्या दोघांनीं ‘वर्ल्ड ऑफ गू’ नांवाचा एक खेळ संगणकासाठीं तयार केला. त्यांत पडद्यावर चिकट गोळे असतात. ते एकमेकांस जोडून मनोरा किंवा पूल उभारावयाचा आणि उरलेले गोळे दूरच्या नळीपर्यंत नेऊन पोंचवावयाचे. मनोरा उंच झाला कीं डोलूं लागतो, पूल लांब झाला कीं मध्यें वांकतो, कारण खेळाच्या जगांतही गुरुत्वाकर्षण आहे, वजन आहे आणि ताण आहे. पुढल्याच वर्षीं फिनलंडच्या पेट्री पुर्हो ह्या तरुणाचा ‘क्रेयॉन फिजिक्स डिलक्स’ हा खेळ आला. त्यांत खेळणारा खडूनें रेघा काढतो, आणि काढलेली आकृति त्याच क्षणीं जड होऊन खालीं पडते, घरंगळते, तरफेसारखी उचलली जाते. असल्या खेळांत मुलें तासन् तास कां रमतात, ह्याचें घरच्या वडील माणसांस नवल वाटतें. नवल वाटावयास नको. ह्या कोड्यांचें उत्तर कोणी आधीं लिहून ठेवलेलें नसतें. नियम तेवढे ठरलेले असतात. ते कोणाची भीड धरीत नाहींत आणि कोणाला फसवीतही नाहींत. मनोरा पडला तर तो कां पडला हें डोळ्यांना दिसतें, आणि तोच पुन्हा उभारण्याची इच्छा होते. शिवाय खेळणारा कधींकधीं अशी युक्ति काढतो कीं, ती कोडें घालणाराच्याही ध्यानांत आलेली नसते.

चरख्याचें कोडें ह्याच जातीचें होतें. तें किती खोल होतें हें समजण्यासाठीं थोडा हिशेब करावा लागतो; श्रोत्यांनीं तो कंटाळा न करतां ऐकावा.

एक पौंड सुतांत ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा अंक. म्हणजे २० अंकी सुताच्या एका पौंडांत १६,८०० यार्ड धागा असतो. धागा धरून राहतो तो पिळामुळें. सूत जितकें बारीक तितका पीळ अधिक लागतो. तो अंकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो, आणि २० अंकी सुताला दर इंचास सुमारें १८ पीळ द्यावे लागतात. चातीचा एक फेरा म्हणजे एक पीळ. तेव्हां एका यार्डाला चातीचे ६४८ फेरे झाले, आणि एका पौंडाला एक कोटी आठ लाखांहून अधिक! खेड्यांतील म्हातारी दारांत बसून जें काम सहज करीत असे, त्यांत एवढे फेरे दडलेले असत.

हे फेरे देतें चाक. चाकाचा व्यास दोन फूट आणि चातीवरील माळेच्या जागेची जाडी अर्धा इंच धरली, तर चाकाच्या एका फेऱ्यांत चाती ४८ वेळां फिरते. मग एका यार्डाला चाकाचे साडेतेरा फेरे हवेत. ते कमी करावयाचे तर चाक मोठें करावें. पण मोठें चाक जड होतें, झोपडींत मावत नाहीं आणि बाईचा खांदा भरून येतो. चाक राहूं देऊन चाती बारीक करावी, तर माळेला पकड मिळत नाहीं व ती घसरते. माळ ताणावी, तर घर्षण वाढून हाताला जोर लागतो. एवढें सर्व जमवून चाती वेगानें फिरविली, तर ती थरथरते आणि धागा तुटतो. तुटलेला धागा सांधण्यांत गेलेला वेळ वेगानें मिळविलेल्या वेळाहून पुष्कळदां अधिक भरतो. ह्याखेरीज आणखी एक मूळची अडचण आहे. साध्या चरख्यावर धागा पिळला जात असतो तेव्हां गुंडाळला जात नाहीं, आणि गुंडाळला जात असतो तेव्हां पिळला जात नाहीं. कातणारी हात लांबवून धागा ओढते, थांबते, मग तो चातीवर भरते. निम्मा खेळ ह्या थांबण्यांत जातो. एका टोकाला दाबावें तर दुसरें टोंक वर यावें, असा हा सगळा प्रकार होता.

जाहिरात निघाली आणि पुढें गांधीजी स्वतःच तुरुंगांत गेले. येरवड्याच्या कारागृहांत सन १९३० नंतर त्यांचा बराच काळ गेला, व तेथें ह्या कोड्यानें त्यांना पुरतें घेरलें. तुरुंगांत जागा थोडी, सामान थोडें, वेळ मात्र भरपूर. येरवडा चरखा म्हणून जो पेटीचा चरखा पुढें देशभर पसरला, तो ह्याच काळांतला. त्यांत एका मोठ्या चाकाऐवजीं दोन लहान चाकें आडवीं बसविलेलीं असतात. पहिलें दुसऱ्यास फिरवितें आणि दुसरें चातीस. समजा पहिल्यानें दुसरें पांच पट फिरविलें आणि दुसऱ्यानें चाती चौदा पट, तर हाताच्या एका फेऱ्यांत चातीचे सत्तर फेरे झाले, आणि तेही वीतभर चाकांवर. बेरीज करीत बसण्याऐवजीं गुणाकार करण्याची ही युक्ति घड्याळवाल्यांना जुनीच होती. चरख्याला ती लावल्याबरोबर दोन फुटी चाक नाहींसें झालें आणि सबंध यंत्र पुस्तकासारखें मिटून हातांत धरून नेतां येऊं लागलें. हलकेपणाची आणि जागेची अट अशी फारच सुरेख सुटली. सुताचें प्रमाण मात्र मोठेंसें वाढलें नाहीं, कारण थांबून गुंडाळण्याची ती मूळची अडचण जेथल्या तेथेंच राहिली.

दुसरी वाट प्रभुदास गांधी ह्यांनीं धरली. चाक पायानें फिरवावें, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मग दोन चात्या लावून दोन हातांनीं दोन धागे काढावे. ह्या चरख्याला मगन चरखा असें नांव पडलें. साबरमतीचे मगनलाल गांधी हे चरख्याच्या शास्त्रांतले आद्य शोधक. ते सन १९२८ मध्यें निवर्तले होते, आणि हें नांव त्यांच्या स्मरणार्थ. सन १९३२ मध्यें येरवड्यास गांधीजींचें कोपर दुखावलें, तेव्हां त्यांनीं हा चरखा मागवून घेतला आणि नवशिक्यासारखे धागे तोडीत तो शिकून घेतला. दुखण्यामुळें एक अट वाढली आणि तिच्याकरितां निराळें यंत्र आलें.

येथें एक गैरसमज दूर करणें बरें. गांधीजींना यंत्राचा तिटकारा होता असें पुष्कळ लोक मानतात. सन १९२४ मध्यें दिल्लीस एका तरुणाशीं बोलतांना त्यांनीं शिंगरच्या शिवणयंत्राची उघड प्रशंसा केली होती; तें यंत्र शोधकाच्या पत्नीवरील प्रेमांतून निघालें, अशी त्यांची समजूत होती. त्यांचा विरोध यंत्राला नसून माणसाला निकामी करणाऱ्या यंत्राला होता. लाखाच्या जाहिरातींत बाईमाणसाच्या श्रमांची अट पहिल्या अटींच्या बरोबरीनें कां आली, तें ह्यावरून ध्यानांत येतें.

महाराष्ट्रांतूनही ह्या कोड्याला हात घातला गेला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या साह्यानें गणेश भास्कर काळे ह्यांनीं एक यंत्र सिद्ध केलें. लोखंडी नांगर घडविणाऱ्या त्या मंडळींना सुताचें कोडें सोडवावेंसें वाटलें, ह्यांत कोड्याचें आकर्षण जितकें दिसतें तितकें बक्षिसाचें दिसत नाहीं. काळे ह्यांच्या यंत्राची बरीच चर्चा झाली. कसोटीस मात्र तें पूर्णपणें उतरलें नाहीं. दुसरेंही कोणतेंच यंत्र उतरलें नाहीं. लाख रुपयांचें तें बक्षीस कोणासही मिळालें नाहीं.

परीक्षकांनीं फार कडकपणा केला, अशी एक तक्रार होत असते. ती योग्य वाटत नाहीं. अट सैल केली कीं कोडें राहत नाहीं, आणि येथें तर अटी एका गरीब बाईच्या अंगाच्या मापानें घेतलेल्या होत्या. दोष काढावयाचाच तर तो निराळ्या जागीं आहे. जिची दिवसाची मिळकत दोन-चार आण्यांपलीकडे जात नव्हती, तिनें दीडशें रुपयांचें यंत्र कोठून घ्यावें? ते पैसे संघानें द्यावे आणि तिनें फेडीत राहावें, असें म्हणावें तर मग यंत्र तिचें कीं संघाचें? कोडें घालणारांनीं झोपडीची लांबीरुंदी मोजली, बाईचे खांदे मोजले, पण तिचा कनवटीचा पैसा मोजतांना त्यांचा हात सैल सुटला. पडद्यावरच्या खेळांत मनोरा कोसळला तर मुलगा हंसतो आणि पुन्हा आरंभ करतो. येथें अट चुकली असती तर तिचें मोल दुसऱ्या कोणीतरी दिलें असतें.

मगनवाडी आणि सेगांव ह्यांचा काळ येथून सुरू होतो. वर्ध्याच्या मगनवाडींत सन १९३४ अखेर अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, आणि जे. सी. कुमारप्पा ह्यांनीं तेथें घाणी, जातीं, कागद, गूळ अशा एकेका वस्तूची यंत्रविद्या तपासावयास घेतली. पुढील वर्षीं चरखा संघानें कातणाऱ्यांस पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हें तत्त्व स्वीकारलें. हा ठराव वरकरणीं हिशेबाचा आहे, पण त्यानें जुनें कोडें अर्धें बदलून टाकलें. बाईनें अधिक सूत कातलें तर तिला अधिक मिळेल, हा जाहिरातींतला विचार होता. तिनें कातलेल्या सुताला अधिक दाम मिळावें, हा त्याच प्रश्नाला दिलेला दुसरा जबाब होता, आणि त्याला लांकूड-लोखंड कांहींच लागत नव्हतें. विनोबांनीं वर्ध्याजवळच्या नालवाडीस टकळी आणि चरखा ह्यांवर दिवसाचे तास घालवून, कातणाऱ्याच्या मजुरींत माणूस कसा जगतो हें स्वतःच्या देहावर पाहिलें. शोधकांच्या सर्व नकाशांपेक्षां हा प्रयोग अधिक बोलका आहे.

सन १९३६ च्या एप्रिल अखेरीस गांधीजी सेगांवास राहावयास गेले. सन १९४० मध्यें त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. तत्पूर्वीं ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देणारी नई तालीम सेवाग्रामांत सुरू झाली. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी हे पतिपत्नी तिचे चालक होते. मुलांच्या हातीं प्रथम आली ती टकळी.

टकळीइतकें साधें यंत्र शोधून सांपडावयाचें नाहीं. एक बारीक सळई आणि तिच्या खालच्या अंगास एक चकती, बस्स. तरी तींत शिकण्यासारखें केवढें भरलें आहे! चकती जड असली तर टकळी उशिरा थांबते, पण बारीक धागा तिच्या भारानें तुटतो. हलकी असली तर धागा वांचतो, पण फिरणें लौकर संपतें. चकती मध्यावर नसली तर टकळी लटपटूं लागते. मुलाला हें कोणी पाठ करावयास लावीत नाहीं. धागा तुटतो, आणि तो कां तुटला हें विचारल्यावांचून मुलाला चैन पडत नाहीं. सुताची लांबी, वजन व अंक काढतां काढतां त्याचें गणित होऊन जातें. पडद्यावरच्या कोड्यांनीं मुलाला जी गोडी लावली आहे ती हीच. फरक एवढाच कीं, सेवाग्रामच्या मुलाजवळ खेळाच्या शेवटीं कापडापुरतें सूत उरत असे. अर्थात् सर्वच मुलांना ती गोडी लागली असें नाहीं. जेथें शिक्षकानें टकळी ही शिक्षा म्हणून दिली, तेथें ती शिक्षाच ठरली, आणि पुष्कळ गांवच्या शाळांतून कपाटांत गंज खात पडली.

ह्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन नांवाचा एक पोलिश इंजिनियर ह्या कोड्यापाशीं येऊन पोंचला. फ्रान्समधून तो हिंदुस्थानांत आला तो बंगलोरच्या विजेच्या कारखान्यांत काम करण्यासाठीं. येथें त्यानें भारतानंद हें नांव घेतलें. साताऱ्याकडील औंध संस्थानच्या राजेसाहेबांनीं प्रजेला स्वराज्याचे हक्क दिले, त्या योजनेमागेंही त्याचा हात होता. ह्याच गृहस्थानें पुष्कळ वर्षांनीं मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचीं मराठी संभाषणें इंग्रजींत आणलीं. यंत्रविद्येंत मुरलेल्या ह्या माणसानें चरख्यांत आणखी एक चाक घालण्याऐवजीं त्यांतलीं सगळीं चाकें काढून टाकलीं. त्याच्या साधनाला धनुष तकली म्हणतात. एका लहानशा चौकटींत चाती आडवी ठेवलेली, आणि उजव्या हातांत धनुष्य. धनुष्याची पट्टी चातीवर घासली कीं चाती फिरते.

ह्यांतली खुबी अशी कीं, धनुष्याची पट्टी म्हणजे चाकाचा परीघच, पण सरळ केलेला. चाती पाव इंच जाडीची धरली तर तिचा परीघ पाऊण इंचाच्या जरासा वर भरतो. तिच्यावरून दीड फूट पट्टी ओढली कीं वीस-बावीस फेरे सहज होतात. चाक नाहीं म्हणून आंस नाहीं, आंस नाहीं म्हणून तेल नाहीं, आणि वारंवार सुटणारी माळही नाहीं. खेड्यांतल्या सुताराला, किंबहुना कोणत्याही हुशार मुलाला ती करतां यावी. डिसेंबर १९४१ मध्यें सेवाग्रामहून बारडोलीस जातांना गांधीजींनीं आगगाडींत रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका लिहिली, तींत त्यांनीं ह्या धनुष तकलीचा आवर्जून पुरस्कार केला आहे. लाखाच्या जाहिरातीशीं ताडून पाहिलें तर हें साधन सुताच्या अटींत साफ नापास झालें असतें. पण दीडशें रुपयांची जी चूक वर सांगितली, ती ह्यांत नाहीं.

मूळ कोड्याचें, म्हणजे भरपूर सुताचें, उत्तर यावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. तामीळ प्रांतांतील एकांबरनाथन् ह्यांनीं स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत जो चरखा तयार केला, त्याला त्यांच्याच नांवावरून अंबर चरखा म्हणूं लागले. त्यांनीं गिरणीकडेच पाहिलें. गिरणींत धागा रुळांतून ओढला जातो, आणि कडीभोंवतीं धांवणाऱ्या लहानशा तारेच्या योगानें पीळ देणें व गुंडाळणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं होतात. तीच योजना लहान करून त्यांनीं चार चात्यांच्या हातयंत्रांत बसविली, आणि पेळूसाठीं बेलणी नांवाचें निराळें यंत्र जोडीला दिलें. थांबून गुंडाळण्याची शेंकडों वर्षांची अडचण अशी दूर झाली. सन १९५६ पासून सरकारनें ह्या चरख्याच्या प्रसारास मोठें साह्य दिलें. तोंपर्यंत जाहिरातीची मुदत संपून पंचवीस वर्षें झालीं होतीं.

अंबर चरख्यावर सूत पुष्कळ निघतें. पण त्याचे रूळ, कड्या आणि दांते गांवच्या सुताराला घडवितां येत नाहींत. ते कारखान्यांतून आणावे लागतात, आणि बिघडले कीं कारागिराची वाट पाहत बसावें लागतें. विनोबांपासून सामान्य कार्यकर्त्यांपर्यंत खादीच्या मंडळींत ह्यावर वर्षानुवर्षें वाद झाला. एक पक्ष म्हणे, बाईला पोटभर मिळालें पाहिजे, मग रूळ कोठूनही येवोत. दुसरा म्हणे, जें यंत्र तिला स्वतः उघडून पाहतां येत नाहीं तें तिचें नव्हे. हा वाद लाखाच्या जाहिरातींतच बीजरूपानें होता. वीस वर्षें टिकण्याची अट तींत होती, दुरुस्तीच्या खर्चाची होती. दुरुस्ती कोणाच्या हातची असावी, हें मात्र तींत लिहिलेलें नव्हतें.

वर्ध्याच्या मगनवाडींत ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडण्यांत आलें. नाना प्रकारचे चरखे तेथें आजही पाहावयास मिळतात. सेवाग्राम तेथून पांच मैलांवर आहे.